मेम्ब्रेन रिअ‍ॅक्टरचं कन्व्हर्जन दर उन्हाळ्यात घसरतं? आधी पडद्यापलीकडे बघा

तक्रार अशी: रिअ‍ॅक्टरमध्ये तयार होणारं पाणी मेम्ब्रेनने, म्हणजे पडद्याने, काढत राहायचं; बॅच नेहमीची, चार्ज (घातलेला कच्चा माल) नेहमीचा, कॅटॅलिस्ट बदलून फार दिवस झालेले नाहीत, आणि तरी कन्व्हर्जन, म्हणजे अ‍ॅसिडपैकी किती टक्क्यांचं प्रॉडक्ट झालं तो आकडा, ९६ टक्क्यांवरून ९२-९३ वर येऊन बसतं. बॅच दोन-तीन तास ताणली तरी आकडा जेमतेम हलतो. काही महिन्यांनी आपोआप सुधारतं, मग पुढच्या वर्षी परत तेच.

आमच्याकडे हे लागोपाठ तीन वर्षं झालं. त्यातलं एक वर्ष आम्ही चुकीच्या माणसाला फाशी दिली, म्हणजे चांगलं मेम्ब्रेन मॉड्यूल काढून नवीन बसवलं. परदेशातून मागवायचं, किंमत लाखांत, वर कस्टमची वाट बघायची. ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बसलं, कन्व्हर्जन लगेच ९६ झालं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पुढच्या मे महिन्यात नवीन मॉड्यूलनेही ९३ च दाखवलं, तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. जूनमध्ये मेम्ब्रेन बदललं होतं हे खरं, पण जूनमध्ये पाऊसही सुरू झाला होता.

आधी आमची मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. प्रॉडक्ट एथिल लॅक्टेट. ८८ टक्के लॅक्टिक अ‍ॅसिड आणि इथेनॉल, कॅटॅलिस्ट म्हणून सल्फोनिक रेझिन (आम्लधर्मी प्लास्टिकचे दाणे). रिअ‍ॅक्टरमधलं मिश्रण पंपाने ७५ °से. ला पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) मेम्ब्रेनच्या मॉड्यूलमधून फिरतं आणि परत रिअ‍ॅक्टरमध्ये येतं. मेम्ब्रेनच्या पलीकडे व्हॅक्यूम. पाणी पडद्यात शिरतं, पलीकडे वाफ होऊन निघतं, कंडेन्सरमध्ये परत पाणी होतं. याला परव्हेपोरेशन म्हणतात. हा शब्द १९१७ सालचा, कोबर नावाच्या अमेरिकन संशोधकाचा. कोलोडियनच्या घट्ट बांधलेल्या पिशवीतलं द्रावण हवेत टांगून ठेवलं तरी कमी होतंय, हे त्याच्या सहायकाच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे माठ घरोघरी हेच करत होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

मेम्ब्रेन लावायचंच कशाला? कारण एस्टरिफिकेशन, म्हणजे अ‍ॅसिड आणि अल्कोहोलपासून एस्टर आणि पाणी होणं, अर्ध्या वाटेत थांबतं. बर्थेलो आणि पेआं द सँ-जिल यांनी १८६२ मध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि इथेनॉल समप्रमाणात घेऊन दाखवलं की प्रकरण दोन-तृतीयांशाच्या आसपास अडतं. एस्टर आणि पाणी घेऊन उलट्या बाजूने निघालात तरी तिथेच येता. पुढे जायचं तर एकतर अल्कोहोल भरमसाठ घाला (त्याच अभिक्रियेत तिप्पट घातलं तर ९० टक्के होतं, पण मग ते सगळं परत डिस्टिल करा), नाहीतर तयार होणारं पाणी काढत राहा. इथेनॉल आणि पाणी ९५.६ टक्क्यांना अ‍ॅझिओट्रोप करतात (म्हणजे त्या प्रमाणाला वाफेतही मिश्रण तेच राहतं), त्यामुळे साध्या डिस्टिलेशनने पाणी ओढायला गेलात तर इथेनॉलच जास्त ओढलं जातं. मेम्ब्रेनला अ‍ॅझिओट्रोपशी देणंघेणं नाही, त्याला पाणी आवडतं आणि ते पाणीच घेतं.

आमच्या चार्जमध्ये १००० किलो अ‍ॅसिडमागे ९०० किलो इथेनॉल. अ‍ॅसिडसोबत १२० किलो पाणी आधीच येतं, पूर्ण अभिक्रिया झाली तर आणखी १७६ किलो तयार होतं. म्हणजे जवळजवळ ३०० किलो पाण्याला वाट करून द्यायची. मेम्ब्रेनशिवाय आम्ही ७० टक्क्यांना अडकायचो.

एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात ठेवा. मेम्ब्रेन अभिक्रियेचा वेग वाढवत नाही. तो कॅटॅलिस्ट नाही. तो फक्त पुढची जागा रिकामी करतो. चालायचं काम अभिक्रियेनेच करायचं. समस्या शोधताना सगळा घोळ इथेच होतो, कारण दोघांपैकी कुणीही आजारी पडलं तरी लॉगशीटवर एकच आकडा खाली येतो.

पहिला प्रश्न: दोषी कोण, कॅटॅलिस्ट की मेम्ब्रेन?

हे अंदाजाने ठरवू नका, भांडून तर मुळीच नको. प्रॉडक्शनवाले म्हणतात मेम्ब्रेन गेलं, मेंटेनन्सवाले म्हणतात रेझिन गेलं, परचेसवाले दोघांकडेही संशयाने बघतात. एक सॅम्पल काढा, बॅचच्या शेवटच्या टप्प्यात, साधारण दहाव्या तासाला. त्यात पाणी (कार्ल फिशर टायट्रेशनने), शिल्लक अ‍ॅसिड, एस्टर आणि इथेनॉल मोजा. सगळं किलोमोलमध्ये करा आणि हा भागाकार काढा: एस्टर गुणिले पाणी, भागिले अ‍ॅसिड गुणिले इथेनॉल.

मेम्ब्रेन नसतानाच्या जुन्या, पूर्ण थांबलेल्या बॅचवरून आमचा हा आकडा २.५ येतो. तुमचा वेगळा असेल, तो तुमच्याच प्लांटच्या जुन्या बॅचवरून काढा, पुस्तकातून उचलू नका.

आता त्या मे महिन्यातलं सॅम्पल बघा. कन्व्हर्जन ९३ टक्के, पाणी ३५ किलो शिल्लक. एस्टर ९.०९, पाणी १.९५, अ‍ॅसिड ०.६८, इथेनॉल १०.४. भागाकार २.५. म्हणजे जेवढं पाणी आत उरलंय, त्या पाण्यासोबत अभिक्रिया जितकी पुढे जाऊ शकते तितकी गेलेली आहे. कॅटॅलिस्ट निर्दोष. पाणी निघत नाहीये, एवढंच.

उलट चित्र असं असतं: पाणी १५ किलोच उरलंय, पण कन्व्हर्जन ८५. तेव्हा भागाकार अर्ध्याच्याही खाली येतो. रस्ता रिकामा आहे आणि गाडी हलत नाही. मग रेझिन बघा. अ‍ॅसिडमधून किंवा गंजक्या लाइनमधून लोह आलं की रेझिनवरची आम्ल-स्थानं अडवली जातात. तापमान १२० °से. च्या वर कधी गेलं होतं का तेही विचारा, कारण या जातीच्या रेझिनला तिथून पुढे सोसत नाही. हा भाग मी इथेच सोडतो, कारण दर उन्हाळ्यात परत येणारं दुखणं बहुधा याचं नसतं. रेझिन मेलं की मेलं, पावसाळ्यात जिवंत होत नाही.

लॅबबद्दल एक इशारा. लॅक्टिक अ‍ॅसिडचं फक्त थेट टायट्रेशन करून कन्व्हर्जन काढत असाल तर फसाल. पाणी कमी झालं की लॅक्टिक अ‍ॅसिडचे रेणू एकमेकांनाच चिकटतात. आम्लता कमी दिसते, एस्टर मात्र तेवढं झालेलं नसतं. मेम्ब्रेन चांगलं चालत असताना, म्हणजे पाणी झपाट्याने निघत असताना, हे जास्तच होतं. त्यामुळे थेट टायट्रेशन एक, जादा कॉस्टिक घालून उकळून बॅक टायट्रेशन दुसरं, आणि एस्टरसाठी जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी). आमच्या लॅबमधल्या मॅडमनी हे तिन्ही आकडे एका ओळीत लिहायला लावले, त्या दिवसापासून निम्मे वाद मिटले.

दुसरा प्रश्न: पाणी का निघत नाही?

इथे सगळे मेम्ब्रेनकडे बघतात, कारण ते महाग आहे आणि दिसत नाही. मेम्ब्रेनमधून पाणी जातं ते दाबातल्या फरकामुळे: अलीकडे मिश्रणावरचा पाण्याचा वाष्पदाब, पलीकडे पर्मिएटचा (पडद्यातून पार गेलेल्या वाफेचा, जी पुढे पाणी होते) दाब. हिशोब ढोबळ करतो, पण डोळे उघडायला पुरे आहे.

७५ °से. ला शुद्ध पाण्याचा वाष्पदाब २८९ मिमी पारा. बॅचच्या सुरुवातीला मिश्रणात पाण्याचं प्रमाण चांगलं असतं, तेव्हा अलीकडचा दाब साधारण ९७ मिमी. पलीकडे १० मिमी व्हॅक्यूम असेल तर फरक ८७. व्हॅक्यूम बिघडून ३५ मिमी झाला तर फरक ६२. म्हणजे पाणी निघण्याचा वेग पाऊणपटीच्या जरासा खाली. पहिल्या तीन-चार तासांत कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता बॅचचा शेवट. पाणी वजनाने १ टक्क्यावर आणायचंय, कारण तिथेच ९६ टक्के कन्व्हर्जन आहे. त्या वेळी अलीकडचा दाब फक्त २९ मिमीच्या आसपास. पलीकडे १० असेल तर फरक १९, हळू का होईना निघेल. पलीकडे ३५ असेल तर? फरक उलटा. बॅच बारा तास चालवा नाहीतर चोवीस तास, १ टक्का कधीच येणार नाही.

तोच बिघाड सुरुवातीला चार आणे खातो आणि शेवटी अख्खा रुपया. म्हणून बॅच ‘चांगली चालली होती, शेवटी अडली’ असं ऑपरेटर सांगतो तेव्हा ते खरं असतं, आणि ते वाक्य पर्मिएट बाजूकडे बोट दाखवत असतं. मेम्ब्रेन खरोखर मंदावलं असतं, समजा त्यावर थर बसला असता, तर बॅच पहिल्या तासापासून रडली असती.

मग ३५ मिमी कुणाला दिसला कसा नाही? आमच्या व्हॅक्यूम लाइनवर चार इंची डायल गेज होता, शून्य ते ७६०, दर रेघ २० मिमीची. १० मिमी अ‍ॅब्सोल्युट (म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला दाब) असेल तर काटा ७५० वर, ३५ म्हणजे ७२५ वर. काट्यात फरक रेघ-सव्वा रेघेचा, तोही काच धुरकटलेली. नाईट शिफ्टच्या लॉगशीटवर तीन वर्षं एकच शब्द होता: ‘ओके’. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना विचारलं तर म्हणाले, “साहेब, काटा डावीकडे चिकटला की व्हॅक्यूम ओके, असंच शिकवलंय आम्हाला.” शिकवणारे आम्हीच.

डायल गेज वातावरणाच्या तुलनेत वाचतो, हेही विसरू नका. कोकणात समुद्रसपाटीला पूर्ण व्हॅक्यूम म्हणजे ७६०. पुण्याच्या उंचीवर तोच ७१० च्या आसपास येतो. कोकणातल्या प्लांटची एसओपी (कामाची लेखी पद्धत) घाटावरच्या प्लांटमध्ये जशीच्या तशी चिकटवली, की तिथला माणूस उगाच पंप उघडत बसतो. अ‍ॅब्सोल्युट प्रेशरचा ट्रान्समीटर बसवा. मॉड्यूलच्या किमतीसमोर तो चहापाण्याचा खर्च आहे. बसवा तोही मॉड्यूलच्या पर्मिएट तोंडाशी, पंपापाशी नाही. मधल्या अरुंद लाइनमध्येच काही मिलिमीटर खर्ची पडतात.

व्हॅक्यूम बिघडलाय हे कळलं, तर गळती की कंडेन्सर?

चाचणी अर्ध्या तासाची आहे. बॅच संपल्यावर मॉड्यूलकडची फीड थांबवा, ते रिकामं करा, कंडेन्सरचं पाणी चालू ठेवा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब दर मिनिटाला लिहा. दाब सरळ रेषेत चढतच राहिला, थांबायचं नाव नाही, तर हवा शिरतेय: गॅस्केट, फ्लँज, ड्रेन व्हॉल्व्हची ग्लँड. दाब चढून एका आकड्यावर स्थिरावला, तर तो आकडा कंडेन्सरच्या तापमानाचा वाष्पदाब आहे. ३२ °से. ला पाण्याचा वाष्पदाब जवळपास ३५ मिमी, ११ °से. ला १० मिमी. थोडं इथेनॉल सोबत असतंच, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा वरच येतो.

आमचा तीस-पस्तीसवर येऊन थांबला. म्हणजे ज्या कंडेन्सरला ७ °से. चं चिल्ड वॉटर मिळतंय असं कागदावर होतं, तो प्रत्यक्षात ३० च्या घरात होता. हात लावला तर पाइप कोमट. इन्सुलेशनखाली हात घालून बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

बाकीची कहाणी गच्चीवर होती. चिलर एअर-कूल्ड, पत्र्याच्या शेडला लागून. मे महिन्यात दुपारी तिथली हवा इतकी तापते की चिलरची ताकद निम्म्याकडे येते. त्याच हेडरवर (चिल्ड वॉटरच्या मुख्य पाइपवर) शेजारच्या प्लांटचा क्रिस्टलायझर, आणि उन्हाळ्यात तो जास्त पाणी ओढतो. आमचा कंडेन्सर हेडरच्या शेवटच्या टोकाला. गावाच्या नळयोजनेत शेवटच्या वाडीचं जे होतं तेच आमचं. पाऊस पडला, हवा थंड झाली, चिलर सुधारला, आणि नवीन मेम्ब्रेनला श्रेय मिळालं.

उपाय साधा होता. पर्मिएट कंडेन्सरला स्वतंत्र छोटं चिलर, चिल्ड वॉटरऐवजी ग्लायकॉलवर, ५ °से. ला. त्याहून खाली जाऊ नका. पर्मिएट बहुतांश पाणी आहे, कंडेन्सरच्या नळ्यांवर बर्फ धरला तर उष्णता जाणं बंद होतं आणि परत पहिल्या पानावर याल.

कुणाकडे कंडेन्सरऐवजी थेट वॉटर-रिंग पंपावर काम चालू असेल तर आणखी सोपं निदान: पंपाच्या सील वॉटरचं तापमान बघा. ३५ °से. चं सील वॉटर असलेला पंप स्वतःच्याच पाण्याच्या वाष्पदाबाखाली, म्हणजे ४२ मिमीखाली, जाऊ शकत नाही. पंप ओव्हरहॉल करून काही उपयोग नाही.

दुसरं परत येणारं दुखणं: माठ गार होतो

परव्हेपोरेशनमध्ये पाण्याची वाफ होते, आणि तिला लागणारी उष्णता मिश्रणातूनच जाते. माठ याच कारणाने गार होतो आणि मॉड्यूलही. सुरुवातीला ताशी ४० किलो पाणी निघत असेल तर ताशी सुमारे ९३,००० किलोज्यूल उष्णता जाते. लूपमध्ये ताशी ४ टन मिश्रण फिरत असेल तर मॉड्यूलच्या दुसऱ्या टोकाला तापमान साडेआठ अंशांनी उतरतं. ७५ चं साडेसहासष्ट. तिथे वाष्पदाब २८९ चा २०० होतो. म्हणजे मेम्ब्रेनचा शेवटचा भाग जवळजवळ एक-तृतीयांश कमी जोराने काम करतो, आणि हे सगळं नीट चालू असताना.

आता लूपच्या स्ट्रेनरमध्ये रेझिनचा चुरा अडकला आणि प्रवाह निम्मा झाला तर? घसरण बारा-चौदा अंशांवर जाते. शिवाय मिश्रण संथ वाहिलं की पडद्यालगतच्या थरातलं पाणी संपतं आणि मागून नवीन येत नाही. दुहेरी मार. आमचा रिअ‍ॅक्टरचा थर्मोमीटर मात्र ७५ च दाखवतो, कारण तो रिअ‍ॅक्टरमध्ये आहे. मॉड्यूलच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दोन्ही टोकांना तापमान मोजा. सुरुवातीच्या तासात फरक दहाच्या वर गेला की स्ट्रेनर उघडा. शेवटच्या तासांत फरक जवळपास शून्य असेल तर आनंदू नका, पाणी निघायचं थांबलंय असाही त्याचा अर्थ असतो.

आणि मेम्ब्रेन खरंच गेलं असेल तर?

त्याची खूण पर्मिएटमध्ये सापडते, कन्व्हर्जनमध्ये नाही. पर्मिएटच्या ड्रममधून अर्धा लिटर काढा आणि हायड्रोमीटर टाका. एरवी थोड्याच टक्क्यांचं इथेनॉल असलेलं पाणी अचानक हलकं लागलं, वास तीव्र आला, तर पडद्याला भोक पडलंय किंवा गॅस्केट सुटलंय. आधी गॅस्केट तपासा. लॅक्टेट एस्टर उत्तम सॉल्व्हंट आहे, स्वस्तातलं रबर तो फुगवतो. पीव्हीएचा थर सल्फ्युरिक अ‍ॅसिडला घाबरतो, म्हणून रेझिनचे पैसे वाचवायला कुणी ‘थोडं सल्फ्युरिक टाकू’ म्हणालं तर त्याला लूपपासून लांब ठेवा.

यावर हमखास येणारी सूचना: पीव्हीए काढून झिओलाइटचं, NaA (सोडियम-ए) जातीचं मेम्ब्रेन लावा, त्यातून पाणी कितीतरी भराभर जातं. खरं आहे. त्याची छिद्रं ०.४ नॅनोमीटरची, पाण्याचा रेणू जातो, इथेनॉल अडतं. सॉल्व्हंट सुकवायला झकास. पण ते अ‍ॅसिडमध्ये विरघळतं. लॅक्टिक अ‍ॅसिडच्या लूपमध्ये घातलंत तर फार काळ टिकणार नाही. वापरायचंच तर रिअ‍ॅक्टरच्या वरची वाफ त्यावरून न्या. लॅक्टिक अ‍ॅसिड सहसा वाफेत येत नाही. फक्त फेस आणि थेंब उडून जाणार नाहीत असा डेमिस्टर (थेंब अडवणारी जाळी) मध्ये हवा. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडवाल्यांनी हा नाद सोडावा, ते वाफेतही येतं.

पॅलेडियमच्या मेम्ब्रेनमधून हायड्रोजन काढून रिफॉर्मिंगचं (इंधन-वायूपासून हायड्रोजन बनवण्याचं) कन्व्हर्जन वाढवणाऱ्यांनाही हीच पद्धत चालते, फक्त तिथे दाबाचं वर्गमूळ लागतं. पलीकडचा हायड्रोजनचा दाब वाढला की अलीकडे सगळं अडतं. त्यांचं वेगळं दुखणं म्हणजे बंद करताना हायड्रोजन आत असतानाच मॉड्यूल ३०० °से. च्या खाली आणलं तर धातू फुगून तडे जातात. आधी नायट्रोजनने झाडून घ्या, मग गार करा.

आमच्या लॉगशीटवर आता ‘ओके’ला जागाच नाही. पर्मिएटचा अ‍ॅब्सोल्युट दाब, कंडेन्सरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान, मॉड्यूलच्या दोन्ही टोकांचं तापमान आणि पर्मिएटची घनता, दर दोन तासांनी. मामा कुरकुरले, पण या मे महिन्यात कंडेन्सर १४ वर गेल्याचं रात्री अडीच वाजता त्यांनीच फोन करून सांगितलं. ग्लायकॉलचा फिल्टर चोंदला होता.

काढून टाकलेलं जुनं मॉड्यूल अजून स्टोअरमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडलंय. दिवाळीच्या शटडाऊनमध्ये गॅस्केट बदलून ते परत लावणार आहे.